पाळीच्या वेदना आणि चिनी सुयांचा उपचार

व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या येतात. मागे अशाच एका व्याख्यानानंतर आमच्या हाती एक निनावी चिठ्ठी आली. तिच्यात लिहिले होते, "मुलगी नववीत आहे. दर महिन्याला पहिले दोन दिवस अंथरुणावरून उठवत नाही. शाळा बुडते. सासूबाई म्हणतात, लग्न झाले की थांबेल. शेजारच्या बाई म्हणतात, सुया टोचून घ्या, त्यांच्या भाचीला गुण आला. आम्ही काय करावे?" वेळ संपत आली होती. त्या गडबडीत आम्ही दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले आणि घरी जाताना ते आमचे आम्हालाच अपुरे वाटत राहिले. त्या मातेला द्यायला हवे होते ते सविस्तर उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

विषय असा की, घराघरांतून तो आवाज खाली आणूनच बोलला जातो. "बाहेरची आहे", "कावळा शिवला", "अडचण आहे" अशी त्याची नावेदेखील आडून आलेली. पुरुष श्रोत्यांना कदाचित वाटेल की, हे आपल्यासाठी नाही. परंतु मुलीला डॉक्टरकडे न्यायचे की नाही आणि उपचाराला पैसे द्यायचे की नाही, हे बहुतेक घरांत अजून पुरुषच ठरवितात. तेव्हा त्यांनीही बसून ऐकावे, अशी आमची विनंती आहे.

वेदना येते कोठून?

आधी दुखण्याचे स्वरूप समजून घेतले पाहिजे, कारण दुखणे कशाचे हे ठाऊक नसेल तर उपचाराची पारख होणार नाही. पाळीच्या वेळी ओटीपोटात कळा येणे, कंबर आणि मांड्या भरून येणे, मळमळणे, कधी उलटी वा जुलाब होणे, घेरी येणे, हे सारे निम्म्याहून अधिक स्त्रियांना कमीअधिक प्रमाणात होते. आपले जुने वैद्य याला कष्टार्तव म्हणतात. चरकसंहितेत उदावर्ता नावाच्या विकाराचे वर्णन आहे. त्यात वायूची गती उलटी झाल्याने रज वर ढकलले जाते, कष्टाने बाहेर पडते आणि ते बाहेर पडले की स्त्रीला आराम वाटतो, असे म्हटले आहे. उपपत्ती काहीही असो, निरीक्षण किती अचूक आहे हे ज्यांना अनुभव आहे त्या भगिनी सांगतील.

आधुनिक शास्त्राला याचे कारण सापडण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १९३५ साली स्वीडनमधील उल्फ फॉन ऑयलर यांनी पुरुषाच्या वीर्यातील एका द्रव्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावे अशी त्यांची समजूत होती, म्हणून हे नाव. पुढे १९५७ साली इंग्लंडात शेफील्ड येथे पिकल्स या संशोधकाने पाळीच्या स्रावात स्नायूंना आवळायला लावणारे द्रव्य असल्याचे दाखविले. ते याच जातीचे निघाले. मग हळूहळू सारा उलगडा झाला. गर्भधारणा झाली नाही म्हणजे प्रोजेस्टेरॉन या अंतःस्रावाचे प्रमाण उतरते, गर्भाशयाचे आतले अस्तर सुटू लागते आणि त्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिने बाहेर पडतात. त्यांच्या योगाने गर्भाशयाचा स्नायू जोराने आकुंचन पावतो. त्याच्या पोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि स्नायूला प्राणवायू पुरेनासा होतो. दंडाला दोरी करकचून बांधली तर हात जसा ठणकू लागतो, तसाच हा प्रकार. हीच द्रव्ये रक्तात मिसळली म्हणजे मळमळ, जुलाब आणि डोकेदुखी होते. ज्यांना वेदना अधिक, त्यांच्या स्रावात ही द्रव्येही अधिक आढळतात.

ही माहिती आम्ही लांबण लावून का सांगतो? कारण या शोधापूर्वी वैद्यकाच्या पुस्तकांतूनसुद्धा हे दुखणे मनाचे, नाजूक स्वभावाचे, स्त्रीत्व न स्वीकारण्याचे म्हणून सांगितले जात असे. "तुझेच काय ते विशेष दुखते" हे आपल्या घरातले वाक्य त्याच जातीचे. आता ते म्हणण्यास कोणालाच सबब उरलेली नाही. मुलगी नाटक करीत नसते. तिचे गर्भाशय खरोखरच आवळत असते.

मात्र एक भेद लक्षात ठेवावा. वर सांगितले ते साधे दुखणे. ते बहुधा पाळी सुरू झाल्यापासून वर्षा-दोन वर्षांत लागते, स्रावाबरोबर येते आणि दोन-तीन दिवसांत जाते. दुसरे दुखणे एखाद्या रोगामुळे येते. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी पोटात अन्यत्र रुजते तो एन्डोमेट्रिओसिस, गर्भाशयातील गाठी, जननमार्गातील जंतुसंसर्ग, ही त्याची कारणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीला एन्डोमेट्रिओसिस असतो आणि त्याचे निदान व्हायला पुष्कळदा वर्षेच्या वर्षे जातात. या भेदाकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

सुयांचा इतिहास

आता सुयांकडे वळू. चीनमधील हपै प्रांतात १९६८ साली एका राजपुत्राचे थडगे उघडण्यात आले. तो इसवी सनापूर्वी ११३ मध्ये वारला होता. त्याच्याजवळ सोन्याच्या बारीक सुया मिळाल्या आणि त्या उपचाराच्या असाव्यात असे विद्वान मानतात. 'पीत सम्राटाचा अंतर्ग्रंथ' या नावाने प्रसिद्ध असलेला चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथही साधारण त्याच काळच्या आसपास आकाराला आला. पुढे १०२७ साली सुंग राजवटीत वांग वैयी या राजवैद्याने माणसाच्या उंचीच्या दोन काशाच्या मूर्ती ओतवून घेतल्या. त्यांच्या अंगावर सुया टोचण्याच्या जागी छिद्रे होती. परीक्षेच्या वेळी मूर्तीला बाहेरून मेण लावीत, आत पाणी भरीत आणि विद्यार्थ्याने बरोबर जागी सुई टोचली तर पाणी बाहेर येई, असे सांगतात.

हा उपचार चीनमध्ये अखंड मानाने चालत आला, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. १८२२ साली खुद्द बादशहाच्या हुकुमाने राजवैद्यकीय संस्थेतून सुयांची शाखा काढून टाकण्यात आली. १९२९ साली तिथल्या प्रजासत्ताक सरकारापुढे सारे देशी वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आला आणि वैद्यांच्या प्रचंड विरोधामुळे तो मागे पडला. कम्युनिस्ट राजवटीत डॉक्टर थोडे आणि लोक अफाट, म्हणून १९५० नंतर जुन्या वैद्यकाला पुन्हा राजाश्रय मिळाला. आज ज्याला आपण प्राचीन चिनी वैद्यक म्हणतो, त्याची शिस्तवार मांडणी पुष्कळशी त्याच काळातली आहे.

बाहेरच्या जगाला 'ॲक्युपंक्चर' हा शब्द दिला तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या टेन ऱ्हेन नावाच्या डॉक्टरने. जपानात हा उपचार पाहून त्याने १६८३ साली त्यावर लॅटिनमध्ये लिहिले. सुई आणि टोचणे या दोन लॅटिन शब्दांचा तो जोड आहे. अमेरिकेत गाजावाजा झाला तो १९७१ साली. जेम्स रेस्टन हे पत्रकार पेकिंगमध्ये असताना त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. सुया टोचूनच शस्त्रक्रिया केली, असा समज पुढे जगभर पसरला. तो खरा नाही. शस्त्रक्रिया नेहमीच्या बधिर करणाऱ्या इंजेक्शनांखाली झाली. सुया लावल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा. एका चांगल्या वार्ताहराने नीट लिहिलेली हकीकत लोकांच्या तोंडी गेल्यावर कशी वाढते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्याकडे या विद्येचा संबंध एका महाराष्ट्रीय नावाशी दुरून जोडलेला आहे. १९३८ साली राष्ट्रसभेने चीनला जे पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस १९४२ साली तेथेच निवर्तले. त्याच पथकातील बंगाली डॉक्टर विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ पासून त्यांनी कलकत्त्यात तिचा प्रसार केला. केंद्र सरकारने २००३ साली उपचाराची एक रीत म्हणून तिला मान्यता दिली. महाराष्ट्रात २०१५ सालचा स्वतंत्र कायदा असून उपचारकांच्या नोंदणीसाठी परिषद आहे. सुया टोचून घ्यायच्या असतील तर नोंदणी विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, हे यावरून ध्यानात ठेवावे.

चिनी वैद्य काय सांगतो आणि काय करतो?

चिनी उपपत्ती थोडक्यात अशी. शरीरातून 'ची' नावाची प्राणशक्ती ठराविक मार्गांनी वाहते. मुख्य मार्ग बारा आणि एकूण मान्य बिंदू ३६१. शक्तीचा आणि रक्ताचा ओघ सरळ असेल तर दुखत नाही, तुंबला की दुखते. पाळीच्या वेदनेत थंडीमुळे किंवा मनाच्या कोंडमाऱ्यामुळे ओटीपोटात ओघ तुंबलेला असतो आणि सुईने तो मोकळा करायचा. आपल्या अपानवायूची कल्पना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे परके वाटणार नाही. मात्र शवविच्छेदनात असे मार्ग सापडलेले नाहीत, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे.

प्रत्यक्ष उपचार साधा असतो. सुई भरीव आणि केसासारखी बारीक असते. इंजेक्शनच्या पोकळ सुईपेक्षा ती पुष्कळ पातळ असल्याने टोचताना फारसे दुखत नाही. पाळीच्या वेदनेसाठी सर्वांत प्रसिद्ध बिंदू म्हणजे सान्यिन्ज्याव, अर्थात तीन यिन मार्गांच्या भेटीची जागा. पायाच्या आतल्या घोट्याच्या वर चार बोटे, नडगीच्या हाडामागे तो येतो. त्याबरोबर बेंबीखाली, कमरेच्या तळाशी, हाताच्या अंगठ्याजवळ असे आणखी बिंदू निवडतात. सुई आत गेल्यावर जड, बधिर, ओढल्यासारखे वाटले पाहिजे असे वैद्य मानतात. वीस ते तीस मिनिटे सुया तशाच ठेवतात. कोणी त्यांना हलका विजेचा प्रवाह जोडतात. असे आठवड्यातून एक-दोनदा, दोन-तीन महिने चालते.

गुण आला हे ठरवायचे कसे?

आता खऱ्या प्रश्नाशी आलो. शेजारच्या बाईंच्या भाचीला गुण आला, हे खोटे म्हणण्याचे आम्हाला कारण नाही. पण गुण कशाने आला? पाळीचे दुखणे दर महिन्याला सारखे नसते. एखादा महिना फारच वाईट गेला म्हणजे माणूस उपचाराला धावतो आणि पुढचा महिना तसाही जरा बरा जाणारच असतो. शिवाय कोणी आपले अर्धा तास ऐकून घेतले, शांत खोलीत झोपविले, हात लावून तपासले, तर त्यानेही दुखणे हलके होते. म्हणून नुसते 'गुण आला' पुरत नाही. सुया घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची, चिठ्ठ्या टाकून वाटणी करून, तुलना करावी लागते.

अशी एक जुनी आणि अजून वाचण्याजोगी पाहणी जोसेफ हेल्म्स या अमेरिकन डॉक्टरने १९८७ साली प्रसिद्ध केली. त्याने ४३ स्त्रियांचे चार गट केले. खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्या ११ पैकी १० जणींना सुधारणा झाली. भलत्याच जागी सुया घेतलेल्या ११ पैकी ४ जणींना झाली. काहीच न केलेल्या ११ पैकी दोघींना आणि नुसत्या डॉक्टरांच्या भेटीला गेलेल्या १० पैकी एकीला. पहिल्या गटात वेदनाशामक गोळ्यांचा वापर ४१ टक्क्यांनी उतरला. हे आकडे पाहून कोणाचेही मन सुयांकडे झुकेल. परंतु खरी सुई आणि लटकी सुई यांत फरक पडला तो अवघ्या सहा स्त्रियांचा, हे विसरता येत नाही. एवढ्या लहान गटात सहाचा फरक दैवानेही पडू शकतो.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांची पाहणी २००८ साली आली. चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या २०१ स्त्रियांपैकी निम्म्यांना तीन महिन्यांत जास्तीत जास्त पंधरा वेळा सुया दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. तीन महिन्यांनी वेदनेचा सरासरी आकडा सुयांच्या गटात ३.१ आणि दुसऱ्या गटात ५.४ असा निघाला. हा फरक लहान नव्हे. पण येथे लटक्या सुयांचा गट नव्हता. आपल्याला उपचार मिळाला की नाही हे प्रत्येकीला ठाऊक होते. त्यामुळे ३.१ मध्ये सुईचा वाटा किती आणि आशेचा किती, हे या पाहणीतून वेगळे काढता येत नाही.

हा वाटा वेगळा काढण्यासाठी जर्मनीतील हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी १९९८ साली एक युक्ती जाहीर केली. नाटकातल्या खंजिराचे पाते जसे मुठीत सरकते, तशी ही सुई टोचल्यासारखी भासते पण कातडीत शिरत नाही. अशा लटक्या उपचारांशी तुलना केली म्हणजे फरक बराच कमी होतो, असा अनेक दुखण्यांतला अनुभव आहे. कंबरदुखीवरील ११६२ रुग्णांच्या जर्मन पाहणीत, २००७ साली, खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के, भलत्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के, तर नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्के रुग्णांना गुण आला. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. एक, सुया टोचून घेणाऱ्याला बरे वाटते ते खरे. दोन, सुई नेमकी कोठे टोचली याने फारसा फरक पडत नाही, म्हणजे काशाच्या मूर्तीवरील छिद्रांचे माहात्म्य डळमळते.

पाळीच्या वेदनेवरील पाहण्या एकत्र करून तपासण्याचे काम कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली केले. ४२ पाहण्या, त्यांत ४६४० स्त्रिया. काही पाहण्यांत सुया गोळ्यांपेक्षाही सरस ठरल्या होत्या. तरीही निष्कर्ष असा निघाला की, पाहण्यांचा दर्जा हलका वा अगदी हलका असल्याने सुयांचा उपयोग होतो किंवा होत नाही, दोन्ही ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. यात आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९८ साली एका अभ्यासात असे आढळले की, चीनमधून प्रसिद्ध झालेली ॲक्युपंक्चरची एकूण एक पाहणी अनुकूलच होती. ज्या परीक्षेत कोणीच नापास होत नाही, त्या परीक्षेच्या गुणपत्रिकेवर किती भिस्त ठेवायची हे श्रोत्यांनीच ठरवावे.

सुईने काय होत असावे?

म्हणून सुईने शरीरात काहीच घडत नाही, असेही नाही. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडले की, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असते. दुसरी संवेदना तेथे पोहोचली की ते अर्धवट मिटते. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो तो याचसाठी. १९७५ साली स्कॉटलंडमध्ये मेंदूतच तयार होणारी अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये सापडली. सुयांनी, विशेषतः विजेचा प्रवाह जोडला असता, ही द्रव्ये स्रवतात, असे पेकिंगच्या हान यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले. अफूचा परिणाम मारणारे औषध दिले की सुईने आलेली बधिरता कमी होते, असेही इतरांना आढळले.

सान्यिन्ज्याव बिंदूविषयी एक विशेष. घोट्याजवळून पोटरीची जी मोठी नस जाते, तिची मुळे कण्याच्या अगदी खालच्या भागात आहेत आणि मूत्राशयाच्या नसाही तेथेच येतात. वारंवार लघवीची घाई होणाऱ्या रोग्यांना याच ठिकाणी सुई टोचून विजेचे हलके धक्के देण्याची रीत आज पाश्चात्त्य रुग्णालयांत रूढ आहे आणि तिची मूळ कल्पना चिनी बिंदूवरूनच सुचली. यावरून पाळीच्या वेदनेबद्दल काही सिद्ध होत नाही. पण जुन्या लोकांनी बोट ठेवले ती जागा अगदीच निरर्थक नसावी, एवढी शंका घेण्यास जागा आहे.

दुसरे उपाय कोठे बसतात?

कोणत्याही उपचाराची किंमत दुसऱ्या उपचाराशेजारी ठेवूनच कळते. १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखविले की, ॲस्पिरिन आणि त्या जातीची औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. या विषयातील संशोधनासाठी त्यांना १९८२ साली दोघा स्वीडिश शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही त्याच जातीची औषधे. म्हणजे ही गोळी वेदना नुसती झाकत नाही, तिच्या उगमावरच घाव घालते. कॉक्रेनच्या २०१५ च्या तपासणीत, ८० पाहण्यांवरून, लटक्या गोळीने १८ टक्के स्त्रियांना चांगला आराम पडत असेल तर या औषधांनी ४५ ते ५३ टक्क्यांना पडतो, असे दिसले. पण पुष्कळ घरांत मुलगी कळवळू लागेपर्यंत गोळी देत नाहीत. तोवर द्रव्य तयार होऊन गेलेले असते. स्राव सुरू होताच, किंवा चाहूल लागताच, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात आणि उपाशीपोटी नव्हे, अशी ती घ्यावी. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा ॲस्पिरिनने वाढणारा दमा असल्यास ती घेऊ नये. महिन्यातून दोन-तीन दिवस या गोळ्या घेतल्याने निरोगी मुलीला पुढे मूल होत नाही, ही भीती मात्र निराधार आहे. गर्भ राहावा म्हणून प्रयत्न चालू असतील त्यांनी तेवढे डॉक्टरांना विचारावे.

आजीची गरम पाण्याची पिशवी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सुमारे ३९ अंश उष्णतेचा पट्टा ओटीपोटावर दिवसातून बारा तास ठेवल्याने आयब्युप्रोफेनइतकाच आराम पडला. आठवड्यातून तीन वेळा पाऊण ते एक तास व्यायाम केल्यानेही वेदना कमी होतात, असे २०१९ च्या तपासणीत दिसले. 'या दिवसांत हलू नकोस' हा सल्ला उलटाच म्हणायचा. एवढ्यानेही भागले नाही तर डॉक्टर अंतःस्रावांच्या गोळ्या देतात. त्यांचेही नाव काढताच दचकण्याचे कारण नाही.

धोका कोठे आहे?

सुयांचा स्वतःचा धोका थोडा आहे. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असली पाहिजे आणि तिचे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडले गेले पाहिजे. नाहीतर काविळीसारखे रोग रक्तावाटे येऊ शकतात. छातीवर वा पाठीवर खोल टोचल्याने फुफ्फुसाला इजा झाल्याची उदाहरणे आहेत, पण ती विरळा. रक्त न गोठण्याचा विकार असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी सांगावे. दिवस गेले असण्याची शंका असेल तर हा उपचार नको.

खरा धोका सुईत नसून तिच्यामुळे जाणाऱ्या वेळात आहे. ज्या मुलीला एन्डोमेट्रिओसिस आहे तिलाही सुयांनी थोडे बरे वाटू शकते. चीनमध्ये अशा १०६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लटक्या सुयांपेक्षा खऱ्या सुयांनी वेदना अधिक उतरल्या, पण उपचार थांबल्यावर तो फरक टिकला नाही. थोडे बरे वाटते म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि रोग आत वाढत राहतो. 'लग्न झाले की थांबेल' हे वाक्य तर त्याहून घातक आहे. साधे दुखणे मूल झाल्यानंतर पुष्कळदा कमी होते, एवढेच त्यात सत्य. लग्न हे औषध नव्हे. ज्या रोगामुळे वेदना होते त्याच रोगाने कित्येकींना मूल राहण्यास अडथळा येतो आणि मग तोच दोष सासरी तिच्या माथी मारला जातो.

म्हणून पुढील लक्षणे असतील तर सुया, काढे, शेक सारे बाजूला ठेवून आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. वेदना महिन्यागणिक वाढत असणे, पाळी नसतानाही ओटीपोट दुखणे, त्या दिवसांत शौचाला वा लघवीला कळ येणे, स्राव अतोनात जाणे, ताप किंवा दुर्गंधी असणे, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे, पाळी चुकून मग एकदम पोटात दुखणे, आणि योग्य वेळी योग्य प्रमाणात गोळ्या घेऊनही तीन महिन्यांत फरक न पडणे. यांतले पाळी चुकून दुखण्याचे लक्षण तर तासाभराचाही विलंब न करण्याजोगे आहे.

चिठ्ठीचे उत्तर

आता त्या मातेला आमचे उत्तर. बाई, आपली मुलगी खोटे बोलत नाही, हे आधी मनाशी पक्के करा आणि सासूबाईंनाही सांगा. एक वही घाला. पाळी कधी आली, वेदना शून्य ते दहा यांत किती, किती तास टिकली, कोणते औषध कधी घेतले, शाळा बुडाली का, हे तीन महिने मुलीनेच लिहावे. ती वही घेऊन एकदा डॉक्टरांना दाखवा. वर सांगितलेली लक्षणे नसतील तर वेळेवर गोळी, शेक आणि रोजचे खेळणे-फिरणे, एवढ्यावर बहुतेक मुलींची शाळा बुडायची थांबते.

त्यानेही भागले नाही, किंवा गोळ्या सोसत नाहीत, आणि मुलीची स्वतःची तयारी असेल, तर सुयांचा उपचार करून पाहण्यास आमची हरकत नाही. नोंदणी असलेला उपचारक, नवी सुई आणि आधी ठरविलेली मुदत, या तीन अटी पाळा. मुदत तीन महिन्यांची. वहीतला आकडा उतरला तर आनंद आहे. तो सुईने उतरला की मायेने विचारपूस झाल्याने, हा वाद शास्त्रज्ञांना घालू द्या. उतरला नाही तर उपचार थांबवा आणि वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. "आणखी दहा वेळा या, मग गुण येईल" असे कोणी म्हणाले तर पैसे जपून ठेवा. "गोळ्या सोडा, तपासणी नको" असे कोणी म्हणाले तर मात्र तेथून उठून या.

ती चिठ्ठी ज्यांची होती त्या बाई हे वाचतील की नाही, आम्हाला ठाऊक नाही. पण त्यांची मुलगी एकटी नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दर महिन्याला कोणीतरी भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडलेले असते. आज घरी गेल्यावर तिला एवढेच विचारावे, किती दुखते, आणि ती जे सांगेल ते वहीत लिहून घ्यावे.